कमी बजेटमध्ये पहिला गेमिंग पीसी बनवतोय, प्रोसेसरवर जास्त पैसे घालू की ग्राफिक्स कार्डवर?

ग्राफिक्स कार्डवर, बजेटचा साधारण ३५-४० टक्के हिस्सा तिकडेच जाऊ दे. कारण १०८०पी (फुल एचडी) ला बहुतेक मोठ्या गेम्समध्ये आधी दम तुटतो तो कार्डचा, ६ कोअरचा साधा रायझेन ५ किंवा कोअर आय५ आरामात पुरतो, आय७ घेऊन कार्ड हलकं घेणं हा नवख्यांचा नेहमीचा घोळ. कार्ड शक्यतो ८ जीबी मेमरीचंच बघ, ४ जीबीवर आता नवीन गेम्सचे टेक्सचर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) बसत नाहीत. बाकी:

- रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन स्टिक, एकच घातली तर ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकत्र चालून मिळणारा जादा वेग) मिळत नाही आणि फुकटचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) जातात
- स्टोरेजला एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, हार्ड डिस्क नंतर कधीही लावता येते
- एसएमपीएस (पॉवर सप्लाय) चांगल्या कंपनीचाच, कॅबिनेटसोबत फुकट येतो तो नको. ८० प्लस स्टिकर वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही
- मदरबोर्ड घ्यायच्या आधी सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि रॅमचा प्रकार बघ, रायझेनच्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५ चालते, एएम४ ला डीडीआर४. आरजीबी दिव्यांनी गेम पळत नाही

फक्त एक, तू मुख्यतः व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणार असशील आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असेल तर हिशोब बदलतो, तिथे लो सेटिंगवर प्रोसेसरच आधी अडतो, मग थोडे पैसे कार्डातून काढून तिकडे वळव.