लोहाच्या गोळ्या घेऊनही बहिणीचं रक्त वाढत नाही. फॉलिक ॲसिड कमी असेल का? कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बहीण कोरेगावला असते, बाळ सात महिन्यांचं आहे, हिमोग्लोबिन ८.४ आणि दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते हललेलं नाही. शिवाय जीभ झोंबते. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पण रोज रक्त बघते, आणि हेच सगळं आमच्या घरात घडलंय.

आधी गोळ्यांचं पाकीट वाचा. नुसतं लोह आहे की फॉलिक ॲसिडही आहे? सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर मला बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याची शंका जास्त येईल.

मग जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, काढा. हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही असतं, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० चांगलं. लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, फोलेट (फॉलिक ॲसिड म्हणजे त्याचंच गोळीतलं रूप) किंवा बी-१२ कमी असलं की फुगतात. पण लोह आणि फोलेट दोन्ही कमी असलं, तर बारीक आणि मोठ्या पेशींची सरासरी बरोबर दिसते आणि सगळे फसतात. म्हणून मशीनच्या आकड्यावर थांबू नका, स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा.

माझ्या वहिनीला बाळंतपणानंतर मेतकूट-भात, तूप आणि शिरा एवढंच मिळत होतं. बाळाला वात होईल म्हणून उसळ बंद, पालेभाजी बंद, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद. अंगावर पाजणाऱ्या बाईला फोलेट जास्त लागतं आणि शरीरातला साठा तीन-चार महिन्यांत संपतो. जिना चढताना तिला धाप लागायची. चहाचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. जीभ बघितली तर लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत, वरचे बारीक काटे गेलेले. तिच्या गोळीत नुसतं लोह होतं. मीच तिची काच मायक्रोस्कोपखाली लावली. तांबड्या पेशी मोठ्या, लांबट. आणि एका पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला सहा पाकळ्या! एरवी तीन-चार असतात; जास्त पाकळ्या ही फोलेट किंवा बी-१२ कमी असल्याची खूण. तेव्हा मला कळलं की दोन महिने आपण चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

पण काचेवर फोलेट आणि बी-१२ची कमतरता हुबेहूब सारखी दिसते. त्यामुळे दोन्ही तपासण्या एकदमच करा, आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या, सकाळी उपाशीपोटी. सिरम फोलेट कालपरवाच्या जेवणानेही वर जातं. दोन्ही आकडे काठावर आले तर रक्तातले होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड हे दोन पदार्थ बघतात. फोलेट कमी असताना पहिलं वाढतं, दुसरं वाढत नाही. बी-१२ कमी असेल तर दोन्ही वाढतात.

मेडिकलमधून आपल्या मनाने फॉलिक ॲसिड आणून देऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं, घरचे निर्धास्त होतात आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. तळपायाला मुंग्या येतात का, अंधारात तोल जातो का, हे तिला आजच विचारा. असेल तर उद्याच डॉक्टरांकडे न्या.

वहिनीचं बी-१२ चांगलं निघालं, फोलेट फारच कमी. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी चार महिने दिली. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या पेशी, वाढलेल्या दिसल्या, आणि जीभही हळूहळू भरून आली.

डॉक्टरांकडे जाताना बहिणीच्या इतर औषधांची पाकिटंही न्या. फिटचं फेनिटॉइन किंवा सांध्यांचं मेथोट्रेक्झेट चालू असेल तर ते फोलेटच्या आड येतं. जुलाब बरेच दिवस असतील तर तेही सांगा.