वाचकांचे प्रश्न : मखाण्याचं भडंग आणि इतर शंका

उपासापुरता आणला जाणारा मखाणा आता चहासोबतच्या वाटीत बारमाही दिसतो. या वेळी त्याच्याविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : डब्यासाठी मखाण्याचं भडंग करते. गरम असताना कुरकुरीत लागतं, दुपारपर्यंत चिवट होतं. तिखटही सगळं तळाशी उरतं. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आच मोठी असणार. बाहेरून रंग येतो, पण गाभ्यातली ओल तशीच राहते आणि गार होताना सगळीकडे पसरते. जाड बुडाच्या कढईत एका वेळी ५० ग्रॅमच घ्या. मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, सारखं हलवत, कोरडेच भाजा. एक मखाणा मिनिटभर गार करून चिमटीत दाबा. चुरा झाला तर झाले. दबून पुन्हा फुगला तर आणखी तीन-चार मिनिटं लागतील. गरम असताना दाबून काही कळत नाही.

१०० ग्रॅम मखाण्यांना दोन मोठे चमचे तेल, ४० ग्रॅम शेंगदाणे, सालासकट ठेचलेल्या १० लसूण पाकळ्या, १५ कढीपत्त्याची पानं. आधी शेंगदाणे मंद तळा, मग लसूण घाला. लसणाच्या कडा सोनेरी होताच कढीपत्ता टाका आणि त्याची चरचर पूर्ण थांबू द्या. पानात राहिलेलं पाणी पुढे मखाणेच पिणार. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग पाव चमचा हळद आणि दीड चमचा कोरडं तिखट घालून लगेच मखाणे ओता. उकळत्या तेलात तिखट घातलं तर करपतं. फार गार तेलात घातलं तर मखाण्यांना धरत नाही, तळाशी बसतं. कांदा-लसूण मसाला इथे नको, त्यात ओल असते. मीठ बारीक करून एक चमचा पिठीसाखरेत मिसळा आणि सगळं कोमट झाल्यावर भुरभुरवा. डब्यात भरायचं ते पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर झाकणाला वाफ धरते.

प्रश्न : दुकानदार 'पाच सुता', 'सहा सुता' म्हणतो, ते काय? आणि काळे ठिपके असलेले घ्यावेत का? (कराड)

उत्तर : हा आकार. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आकार वाढतो तसा भाव वाढतो, चव नाही. खिरीला आणि भाजीला लहान मखाणे पुरतात. ठिपके बहुधा बियांच्या टरफलाचे उरलेले तुकडे असतात, दातांखाली टोचतात म्हणून निवडून काढा. भोकं किंवा कुबट वास असेल तर मात्र परत करा.

प्रश्न : मधुमेहात हवे तेवढे खाल्ले तर चालतात ना? (वाई)

उत्तर : हवे तेवढे नाहीत. ३० ग्रॅम कोरड्या मखाण्यांत साधारण १०५ कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं असतात. चरबी नगण्य, हे खरं. पण तुपात परतले की तो फायदा गेला. प्रथिनांसाठी खायचे असतील तर फुटाणे कितीतरी सरस आणि स्वस्तही. पाकिटावरच्या 'डाएट' शब्दावर जाऊ नका, मागच्या बाजूचं मीठ-तेल वाचा. चार वर्षांखालील मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात, चुरून द्या.

प्रश्न : शेततळ्यात मखाणा लावता येईल का? (शिराळा)

उत्तर : प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात नाही. ही कुमुदाच्या कुळातली काटेरी पाणवनस्पती; मुळांना तळाशी गाळ लागतो, आणि काटे कागदाला भोकं पाडतील ते वेगळंच. बी पिकल्यावर तळाला बसतं, ते गाळातून वेचून काढावं लागतं. खरी मेख मात्र पुढेच आहे. काळं, टणक बी वाळवायचं, भाजायचं, दोन-तीन दिवस मुरवायचं, पुन्हा कडक भाजून गरम असतानाच लाकडी थापीने फोडायचं. क्षणभर उशीर झाला तर लाही फुलत नाही. बिहारमध्ये दरभंगा-मधुबनी भागात हे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. 'मिथिला मखाना'ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मातीचं जुनं तळं असेल तर लागवडीआधी दरभंग्याच्या राष्ट्रीय मखाना संशोधन केंद्राकडून बियाणं आणि सल्ला घ्या, आणि बी फोडून कोण देणार ते आधी ठरवा.