महालक्ष्मीने सांगलीत उतरा, परत मिरजेतून बसा

तुमची यादी वाचली. शनिवारचा एकच दिवस, बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि सतार शिकणारी मुलगी, आणि बघायचं काय तर सांगलीचा गणपती, हरिपूर, औदुंबर, सागरेश्वर, नृसिंहवाडी, दंडोबा आणि मिरज! गाडी करावी का आणि गर्दीत बाबांचे हाल होतील का, असं विचारलंय. खरं सांगू का, ही सगळी यादी धरून गाडी केलीत तर हाल नक्की, कारण दिवस गाडीतच जाईल. औदुंबर भिलवडीच्या बाजूला, नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यात, दंडोबा मिरजेच्या पलीकडे. सागरेश्वर अभयारण्यातली हरणं वेगळी सवड काढून बघा. वाडी सोडायची म्हणजे आईंना जड जाईल, पण तिथं दर्शन, प्रसाद, बासुंदी यात अर्धा दिवस जातोच. सांगली आणि मिरज एवढंच ठेवा. दोन्हींत अंतर दहा किलोमीटर.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने येताय ना? मग सांगलीला उतरा आणि परतीचं तिकीट मिरजेहून काढा. कोल्हापूरहून येणारी गाडी आधी मिरजेला लागते, मग सांगलीला. संध्याकाळी मिरजेत असाल, तर पुन्हा सांगलीला कशाला जायचं? पहाटे पोचाल, तेव्हा एखाद्या लॉजवर खोली घेऊन आई-बाबांना तासभर पाठ टेकू द्या.

गणपतीला मात्र सातच्या आत जा. शनिवार म्हणजे मंगळवार-संकष्टीसारखी रीघ नसते, तरी सकाळची शांतता नंतर मिळत नाही. मिरजेच्या पटवर्धनांच्या वाटण्या झाल्यावर 1801 मध्ये थोरल्या चिंतामणरावांनी सांगलीला वेगळी राजधानी केली, हे मंदिरही त्यांनीच उभारायला घेतलं. काळ्या दगडाचं मंदिर आहे. आई-बाबांना सभामंडपात निवांत बसू द्या.

तिथून कृष्णेचा घाट आणि आयर्विन पूल. हा पूल 1929 चा, दगडी कमानींचा. बाहेरचे लोक पुलावरून नदीचा फोटो काढतात आणि जातात. तुम्ही पाण्याची उंची दाखवणारे फुटांचे आकडे शोधा आणि मुलीला दाखवा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. हे आकडे बघून मग पेठेत शिरा, म्हणजे सांगलीकर जुलै उजाडला की ‘पुलाजवळ किती झालं?’ असं एकमेकांना का विचारत असतात, ते समजेल. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी तुम्हीही विचारा.

नाश्ता करून हरिपूर. रिक्षाने जा, चालत नको. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं मंदिर आणि वाटेवर जुनी चिंचेची झाडं. हळद साठवायची जमिनीखालची पेवं इथलीच. तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. महापुरांनी त्यांचं फार नुकसान केलं. कुणी दाखवलं तर बघा, पण तेवढ्यासाठी वणवण करू नका.

आता गर्दीचं. शनिवारी सांगलीचा आठवडा बाजार असतो. दहानंतर हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ या भागात रिक्षासुद्धा मुंगीच्या पावलानं सरकते. बाबांना तिथं नेऊ नका. त्यांना खोलीवर ठेवून तुम्ही तासाभरात खरेदी उरका. आणायचं काय, तर हळद, बेदाणे आणि भडंग. हळद दळलेली घेण्यापेक्षा गणपती पेठेतून हळकुंडं घ्या आणि घरी गेल्यावर दळून आणा, वासात फरक कळतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच. भडंग गाडीत बसेपर्यंत उरणार नाही, म्हणून दोन पुडे जास्त घ्या. (नाटकवाले असाल तर लक्षात असू द्या, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये पहिलं मराठी नाटक केलं ते इथंच. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्यामुळेच.)

जेवण लवकर उरका. नावाजलेल्या खानावळीबाहेर दीड वाजता वयस्कर माणसांना ताटकळत ठेवू नका, साधी थाळी कुठंही बरी मिळते.

मिरजेला वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी), सिटी बस, रिक्षा काहीही चालेल. आई-बाबांसाठी रिक्षाच बरी, भाडं आधी ठरवा. विश्रामबागवरून जाताना विलिंग्डन कॉलेज लागेल.

मिरजेत आधी मीरासाहेबांचा दर्गा. उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा चढतो, ही इथली जुनी रीत. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये प्रवासातच गेले. त्यांची कबर याच आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ इथं दरवर्षी मैफली होतात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी. मुलीला एवढं सांगून मग आत न्या.

आणि मग सतारमेकर गल्ली. तीननंतर जा, जेवणाच्या वेळी हातातली कामं थांबलेली असतात. इथं घाई करू नका, एका कारखान्यात तास गेला तरी चालेल. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम आटलं तसे वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे वाळवून ठेवलेले दिसतील, तूनच्या लाकडाच्या दांड्या भिंतीला टेकवलेल्या असतील. जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवणं, चाललेली असेल तर तीच बघा. कारागीर घोडीवरून कानस जेमतेम फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा दोन हात फिरवतो. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढं-मागं सरकवतो आणि एका जागी आवाज एकदम खुलतो. समोर काम चालू असताना बोलू नका, त्याला ऐकू यावं लागतं. उठला की मग काय ते विचारा, चहासुद्धा मिळेल.

मुलीला सतार तिथंच घ्यावी का, असंही विचारलंय. त्या दिवशी घेऊ नका. महालक्ष्मीच्या डब्यात सतार सांभाळत रात्र काढायला लागेल. आवडलेली दोन-तीन वाद्यं तिला तिथंच बसून वाजवू द्या, रेकॉर्डिंग करून तिच्या गुरुजींना ऐकवा आणि फोनवर ऑर्डर द्या. पेटीत नीट बांधून पाठवायची त्यांना सवय आहे. तिची आत्ताची सतार मात्र घेऊन या, पडदे आणि जवारी दाखवून घ्या. किरकोळ काम असेल तर गाडीच्या वेळेपर्यंत करूनही देतील, पण आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.