ऑफिसातली नवीन मुलं संध्याकाळी सहाच्या ठोक्याला काम सोडून उठतात. त्यांना कामाची तळमळच नाही का? त्यांच्याकडून काम कसं करून घ्यावं?

तळमळीचं नंतर बघू. सहाला उठणाऱ्या मुलीच्या टेबलावर काम पावणेसहाला का येतं, ते आधी सांगा.

बहुतेक वेळा ते सकाळीच साहेबांच्या मेलमध्ये आलेलं असतं. दुपारभर तिथेच पडून राहतं आणि संध्याकाळी 'जरा हे बघून घे, अर्जंट आहे' म्हणून खाली ढकललं जातं. बघून घे म्हणजे काय? आकडे ताडायचे की अहवाल नव्याने लिहायचा? ती बिचारी अंदाजाने तीन तास घालून सगळा अहवाल नव्याने लिहिते. सकाळी साहेब म्हणतात, 'अगं, मला फक्त शेवटचा तक्ता हवा होता.' अर्जंट फाईल पुढचे दोन दिवस कुणी उघडतही नाही. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा ती सहाला उठते. तिने हिशेब केलेला असतो, तुम्हाला तो आळस वाटतो.

काम देताना चार ओळी लिहून द्या. काम कशासाठी आहे, पूर्ण झालं म्हणजे नेमकं काय हातात हवं (आधीचा एखादा चांगला नमुना जोडा), कोणत्या तारखेला किती वाजता हवं, आणि कुठले निर्णय तिने न विचारता घ्यायचे. ही चौथी ओळ जवळपास सगळेच गाळतात आणि वर म्हणतात, पोरं पुढाकार घेत नाहीत! 'समजलं का?' असं विचारू नका. नवीन माणूस वरिष्ठाला 'हो'च म्हणणार. त्यापेक्षा 'सुरुवात कुठून करशील?' असं विचारा, गैरसमज तिथेच उघडा पडतो.

आठ तासांचं काम असेल तर दोन तासांनी दहा मिनिटं बसून बघा. शेवटी बघितलंत तर सुरुवातीची चूक शेवटपर्यंत झिरपलेली असते आणि सगळं उसवावं लागतं. चूक सापडली की स्वतः गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवू नका. बदल दिसतील अशी फाईल परत द्या, नाहीतर तीच चूक पुढच्या महिन्यात परत येणार.

आता ते लाडकं वाक्य, 'आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो.' बसायचात, मान्य. त्यातले किती तास साहेब कधी उठतात याची वाट बघण्यात गेले, तेही सांगा ना. दिवसाला आठ तास हा काही आजच्या पोरांचा हट्ट नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार त्यावर आहे, १९१९ सालचा, तोही कारखान्यांसाठी. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून लांब राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात घातला आहे. सहाला उठण्यावरून माणसाची निष्ठा मोजणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

हां, पाळीच्या कामाला यातलं सगळं लागू नाही. वॉर्डात किंवा नियंत्रण कक्षात पुढचा माणूस हजर होऊन सूत्रं घेईपर्यंत जागा सोडता येत नाही, आणि हे रुजू होतानाच सांगायला हवं. कामचुकार पोरंही असतातच, नाही कोण म्हणतंय. पण चार ओळी लेखी दिल्यात तर ती महिन्याभरात ओळखू येतात, कारण 'मला कुणी सांगितलंच नव्हतं' ही सबब उरत नाही.