टेबल लावण्याआधी

अगं, १५ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये रूझवेल्ट अव्हेन्यूवर एचआयव्ही तपासणीचं टेबल लावणार ना? हिस्पॅनिक वारसा महिन्याचा शेवटचा दिवस, आणि लॅटिनो एड्स जागृती दिनही तोच. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नकोस. इक्वेडोरची आजी वेगळी, डॉमिनिकन पोरगा वेगळा. बोलणं प्रोमोतोरांवर, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य-कार्यकर्त्या बायकांवर सोड, त्या या लोकांच्याच गल्लीतल्या.

मी पहिल्या वर्षी ठळक 'एचआयव्ही' लिहिलेला फलक लावला. माणसं चक्क पलीकडच्या फुटपाथवरून गेली! आता आधी बीपी बघतो, मग हळूच विषय काढतो. हिरडीवरून काडी फिरवली की २० मिनिटांत रिझल्ट. पण गेल्या तीन महिन्यांतला संसर्ग त्यात निसटू शकतो, हे सांगच. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या 'प्रेप' गोळीचंही सांग. व्हिसा-कागदपत्रं मात्र चुकूनही विचारू नकोस.