मॅरेथॉन थांबेल

प्रिय मुली,

पुढच्या महिन्यातल्या मॅरेथॉनच्या तयारीचा तुझा मेसेज वाचला. हाफ मॅरेथॉनचं टाइमिंग चार मिनिटांनी सुधारलं, वजन तीन किलोंनी उतरलं, आणि जाता जाता एक ओळ: 'तीन महिने पाळी नाही, कटकटच गेली.' मी तिथेच अडकले.

चोविसाव्या वर्षी मीही हेच म्हणायचे. माझ्या तेव्हाच्या प्रशिक्षकांना तर ते तयारी जमल्याचं लक्षण वाटे. मग एका लाँग रनला अठ्ठाविसाव्या किलोमीटरवर नडगीत कळ आली. एक्स-रे साफ. ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर त्यात सुरुवातीला बहुतेकदा दिसतच नाही; माझी एमआरआयमध्ये दिसली. बारा आठवडे पळणं बंद.

पळण्यात जातं तेवढं पोटात पडलं नाही की शरीर काटकसरीला लागतं, आणि कात्री लावतं ती पाळीला. हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि रोजच्या धावण्याने हाडांची होणारी झीज भरून येईनाशी होते. त्यात तू उपाशीपोटी लाँग रन करतेस. ते आधी बंद.

आज नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत खाली ने. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर थोडा धीर आहे. टिचभर एकाच जागी 'आई गं' निघालं, तर बूट माळ्यावर टाक. डॉक्टरांकडे तर पाळीसाठीही जायचंच आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांग, नुसत्या हिमोग्लोबिनवर भागवू नकोस. आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी आलेला रक्तस्राव म्हणजे पाळी सुरळीत झाली, असं धरून चालू नकोस.

'या वर्षी नाही तर कधी?' म्हणतेस. नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ आधी १५०० आणि ३००० मीटर पळायची. १९७८ मध्ये पंचविसाव्या वर्षी न्यूयॉर्कला पहिली मॅरेथॉन धावली. त्याआधी एवढं अंतर कधी पळालीच नव्हती. २ तास ३२ मिनिटं ३० सेकंद, महिलांमधली तेव्हाची जगातली सर्वोत्तम वेळ! संपल्यावर मात्र तिने बूट काढून नवऱ्यावर भिरकावले, कारण पळायला त्यानेच भरीला घातलं होतं. (मला तिचा राग फार आवडतो.) ती शर्यत तिने ही पहिली धरून एकूण नऊ वेळा जिंकली, शेवटची १९८८ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. तुझं वय काय, एकवीस?

पुढच्या महिन्याची एंट्री रद्द कर. पैसे बुडतील, बुडू देत. आणि मला फोटो पाठवशील तो रिपोर्टचा पाठव, घड्याळाचा नको.

तुझी,
ताई