मुलीचं नाव अजिंक्य ठेवायचंय, चालेल का?

वाचकांचे प्रश्न : बारसं, नाव आणि कागदपत्रं

प्रश्न : आम्हाला पाच आठवड्यांची मुलगी आहे. दिवस राहिले तेव्हाच आम्ही दोघांनी ‘अजिंक्य’ हे नाव ठरवलं होतं, मुलगा होवो वा मुलगी. आता सासूबाई म्हणतात, पोरीला जन्मभर ‘मी मुलगी आहे’ हे सांगत बसावं लागेल. हे नाव शास्त्रात बसत नाही, असं गुरुजींचंही म्हणणं आहे. बारसं अजून व्हायचंय. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवा. कायद्याची आडकाठी नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मुलींची नावं वेगळी आणि मुलांची वेगळी असं काही नाही. जन्माच्या अहवालात ‘लिंग’ हा एक रकाना असतो आणि ‘नाव’ हा दुसरा.

गुरुजी म्हणतात त्याला आधार आहे, पण तो पूर्ण पाहायला हवा. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलग्याचं नाव सम अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरी असावं असं सांगितलंय. मनुस्मृतीत मुलीचं नाव उच्चारायला सोपं, स्पष्ट अर्थाचं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं हवं, असं आहे. आता मोजून बघा. अ-जिं-क्य, तीन अक्षरं, म्हणजे विषम. सीता, राधा आणि उमा मात्र दोन अक्षरी. शेवटचा दीर्घ स्वर धरून बसायचं, तर शीतल, काजल, पूनम, स्नेहल ही आज घरोघरी असलेली मुलींची नावंही बाद होतील. हे नियम सरसकट कुणीच पाळत नाही, तेव्हा ते एकट्या तुमच्या मुलीला लावू नयेत.

‘अजिंक्य’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. हा मुळात संस्कृत शब्द नाही. ‘जिंकणे’ या आपल्या मराठी धातूला संस्कृत पद्धतीने पुढे ‘अ’ आणि मागे ‘य’ जोडून तो घडला. मराठीत हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही. अजिंक्य गड, अजिंक्य सेना, अजिंक्य राज्य, तिन्हीकडे रूप एकच. म्हणजे हा शब्द पुरुषांचाच आहे असं व्याकरण सांगत नाही. मुलग्यांना तो जास्त दिला गेला, इतकंच.

सासूबाईंची काळजी मात्र खरी आहे, आणि ती नेमकी कुठे खरी ठरते ते पाहू. बोलताना अडचण येत नाही, कारण मराठीत क्रियापदच सगळं सांगून टाकतं. ‘अजिंक्य झोपली का?’, ‘अजिंक्यला तिच्या आत्याकडे दे’ एवढं कानावर पडलं की पाहुण्याला पुढे विचारावं लागत नाही. अडतं ते नुसती नावं लिहिलेल्या ठिकाणी : शाळेची यादी, स्पर्धेचा अर्ज, इंग्रजीतली पत्रं. तिथे तिला ‘श्री.’ लागेल, कधी मुलांच्या गटात घातलं जाईल. हे होणार, असं धरूनच चाला.

अशी नावं घेऊन बायकांनी पूर्वीच मोठी कामं केली आहेत. माणिकराव गावोगाव सापडतात, तरी माणिक म्हटलं की जाणत्यांना आधी माणिक वर्मांचा आवाज आठवतो. रंगभूमीवरच्या सुहास जोशी, ‘पाणीवाली बाई’ मृणाल गोरे. मृणाल हे बंगालमध्ये पुरुषांचं नाव, चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन यांचं. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी एकाच काळात गाजले, तेव्हा कुणाचा घोटाळा झाला नाही.

सगळीच नावं मात्र सारखी नसतात. गुण किंवा भाव सांगणारं नाव मुलीला सहज बसतं : विजय, उदय, निनाद, चैतन्य. ज्या नावाच्या पोटातच पती किंवा स्वामी दडलाय, ते टाळावं असं आमचं मत आहे. रजनीकांत म्हणजे रात्रीचा पती, रमेश म्हणजे रमेचा ईश, उमाकांत म्हणजे उमेचा पती. ‘नाथ’, ‘कांत’, ‘राव’ अशा शेवटांचंही तेच. मुलगी मोठी होऊन नावाचा अर्थ विचारेल तेव्हा तिला सांगता येईल असं काहीतरी हातात हवं. ‘जिला कुणी जिंकू शकत नाही ती’ हे सांगायला किती छान आहे.

आता कागद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते आणि बहुतेकदा ती नावाशिवायच झालेली असते. नाव नंतर चढवता येतं. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणून घाई करू नका. बारशाला आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगू दे, पण लगेच दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत धावू नका. महिनाभर घरात, शेजारी, दवाखान्यात नाव वापरा. आजीच्या तोंडात ते बसतंय का, हाक मारताना तुम्हीच अडखळताय का, हे तेवढ्यात कळतं. एकदा नाव चढलं की ‘आता आवडत नाही’ या कारणावर ते सहसा बदलून मिळत नाही. याच कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते ती नोंदीत चूक असेल तर.

दाखला हातात आला की नावाच्या आधी लिंगाचा रकाना वाचा. एरवी नाव ‘सुवर्णा’ असलं आणि रकान्यात ‘पुरुष’ पडलं, तर खिडकीतल्या कर्मचाऱ्यालाही खटकतं. ‘अजिंक्य’पुढे ‘पुरुष’ कुणालाच खटकणार नाही, चूक तशीच पुढे जाईल. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचंय. आईचं नाव स्नेहल किंवा किरण असेल तर अख्ख्या ओळीत मुलगी असल्याची एकही खूण उरत नाही. मग तो एक रकानाच सगळं सांगतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे जन्मदाखलाच मूळ पुरावा आहे. इंग्रजी स्पेलिंगही त्याच दिवशी एकदाच ठरवा आणि घरात सगळ्यांना लिहून द्या.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या किरणच्या आधार कार्डावर ‘पुरुष’ छापून आलंय. जन्मदाखला बरोबर आहे. शाळेत घालताना बघू म्हणून राहू दिलं तर चालेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : राहू देऊ नका. शाळा आधारवरून मुलांची माहिती ऑनलाइन भरते आणि तीच चूक शाळेच्या कायमच्या नोंदवहीत, जनरल रजिस्टरमध्ये उतरते. मग एका दुरुस्तीच्या दोन होतात.

जन्मदाखल्याची मूळ प्रत, मुलीचं आधार आणि तुमचं आधार घेऊन मुलीसह आधार केंद्रावर जा. आधारमध्ये लिंगाची नोंद एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून पावती देण्याआधी ऑपरेटर पडदा तुमच्याकडे वळवून दाखवतो तेव्हा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. नाव बरोबर असताना सोबत त्याचंही स्पेलिंग ‘जरा सुधारू’ असं मनात आणू नका, त्यात एक संधी फुकट जाते. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यायला जाल, तेव्हा हा रकाना पुन्हा तपासा.

हे तातडीचं का, तर मुलींसाठीच्या योजना याच रकान्यावर चालतात. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. सुकन्या समृद्धीचं खातंही दहा वर्षांच्या आतल्या मुलीचंच निघतं. तिथे कागदावर ‘पुरुष’ असेल तर अर्ज तिथेच अडतो.

प्रश्न : वडील गेल्यावर आठ महिन्यांनी माझ्या भावाला मुलगी झाली. त्याला तिचं नाव वडिलांचंच, ‘वसंत’, ठेवायचंय. आई म्हणते, त्या नावाने मी पोरीला हाक कशी मारू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आईंची अडचण नावाच्या लिंगाची नाही. ज्यांनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, त्यांना ते नाव घेऊन पोरीला ‘दूध पी’ म्हणणं जमत नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात त्या घरातही आजी त्याला ‘बाळ’, ‘अण्णा’ असंच म्हणते. तीच वाट तुम्हालाही मोकळी आहे : कागदावर वसंत, आजीच्या तोंडी तिच्या आवडीचं घरचं नाव. घरचं नाव आईंनीच निवडावं, म्हणजे ते टिकेल. वसंत ऋतू आहे, अर्थ मुलीला शोभतो. ‘वासंती’ करून तडजोड करा असं लोक सुचवतील, पण भावाला वडिलांचंच नाव हवं असेल तर वासंतीने त्याचं समाधान व्हायचं नाही.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. मुलीचं नाव किरण ठेवलं, तर तिथलं नोंदणी कार्यालय मुलीचंच वाटेल असं दुसरं नाव मागेल, असं एका परिचितांनी सांगितलं. खरं आहे का?
– एक वाचक, म्युनिक

उत्तर : पूर्वी मागत असत. ती प्रथा ज्या खटल्यात थांबली, त्यातलं नाव ‘किरण’च होतं! मुलीचं हे नाव नोंदवून घ्यायला कार्यालयाने नकार दिला होता. ५ डिसेंबर २००८ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला, की नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही, बाळाच्या हिताला बाधा येते का एवढंच पाहावं. कर्मचाऱ्याने शंका काढली तर या निर्णयाचा उल्लेख करा. मुलीला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करा. दोन्हीकडे स्पेलिंग एकच ठेवा.

प्रश्न : बहिणीला तिसरी मुलगी झाली. सासरचे म्हणतात, हिचं नाव मुलग्याचं ठेवा, म्हणजे पुढचा मुलगा होईल. त्यांनी ‘नवनाथ’ ठरवलंय. बहीण गप्प आहे. नाव अजून नोंदवलेलं नाही.
– एक मावशी, जि. सातारा

उत्तर : हे नाव ठेवू देऊ नका.

नाशिकच्या अजिंक्यचं नाव तिच्या आईवडिलांनी तिच्यासाठी ठेवलं. इथे नाव न जन्मलेल्या मुलग्यासाठी आहे आणि ते वाहायचंय या पोरीने. हे ‘नकोशी’चंच दुसरं रूप झालं. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं असलेल्या २८५ मुलींना सरकारी समारंभात नवी नावं दिली गेली. त्या मुली तोवर शाळेत रोज तीच हाक ऐकत होत्या.

दोन हेतूंतला फरक ओळखायला सासरच्यांना एक प्रश्न विचारा : उद्या मुलगा झाला, तर हिचं नाव हेच ठेवणार, की बदलणार? उत्तर द्यायला ते थांबले, तर तुम्हाला कळलंच. आणि बाळाचं लिंग वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, थोरल्या बहिणीच्या नावावर नाही, हे मेहुण्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरातल्या बाईने सांगितलेलं ते ऐकणार नाहीत अशी शंका असेल तर आशाताईंना सोबत घ्या.

नाव चढलेलं नाही, ही जमेची बाजू. बहिणीला एकटीला गाठा आणि तिच्या मनातलं नाव विचारा. तिने नक्की एखादं योजलेलं असेल. आईही नाव नोंदवायचा अर्ज देऊ शकते, तेव्हा जन्मनोंदीची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन तिने ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं, तुम्ही सोबत जा. समजा, तोवर दुसऱ्या कुणी ‘नवनाथ’ चढवून टाकलं, तर पालकांना राजपत्रात नावबदलाचा अर्ज करता येतो आणि त्यावरून आधार व शाळेतली नोंद बदलते. ते काम मुलगी शाळेत असतानाच, दहावीच्या आधी उरकायला हवं. पण आत्ता एका अर्जात होणारी गोष्ट तिथवर जाऊ देऊ नका. या आठवड्यातच बहिणीकडे जाऊन या.